सव्वा कोटी शटरं आणि एक भवानी

सकाळचे सात. कोल्हार-भगवतीपूर. प्रवरेवरून गार वारा येतोय, नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागलीय, आणि पेठेतल्या एका किराणा दुकानाचं शटर खडखडत वर जातं. दारात पाण्याचा सडा, देवीच्या तसबिरीला उदबत्ती, गल्ल्याला हात लावून तो कपाळाला. एवढ्यात पायरीवर टाचा उंचावून एक चिमुरडी उभी. "काका, एक पारले द्या. पाचवाला." काचेवर नाणं टणकन वाजतं.

भवानी झाली! भगवतीच्या गावात दिवसाच्या पहिल्या विक्रीलाही देवीचंच नाव.

पाच रुपये. हे नाणं मुठीत घट्ट धरून ठेवा, कारण आपण निघालोय एका भलत्याच कुस्तीला. एका बाजूला हे दहा फुटी शटर. दुसऱ्या बाजूला डीमार्ट, रिलायन्स, वॉलमार्ट. आखाड्यात उतरण्याआधीच कुस्ती सुटली असं वाटेल. थांबा. आधी वजनं करू. सगळी गंमत वजनातच आहे.

आकड्यांची एक खोड असते. हजार कळतात, लाख कळतात, कोटीला जरा दम लागतो आणि 'लाख कोटी' म्हटलं की डोकं सरळ संप पुकारतं. म्हणून आधी एक फूटपट्टी बनवू. खिशातली पाचशेची नोट काढा. लांबी १५ सेंटिमीटर. आता आपल्या कोल्हारच्या दुकानाचा दिवसाचा गल्ला दहा हजार धरू. कुणाचा पाच असेल, कुणाचा पंचवीस, पण हिशोबाला दहा हजार सोपे. दहा हजार म्हणजे पाचशेच्या वीस नोटा. एकापुढे एक मांडा. वीस गुणिले पंधरा, तीनशे सेंटिमीटर. तीन मीटर. म्हणजे किती? जवळजवळ दहा फूट. म्हणजे शटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! दिवसभर उभं राहून, पुड्या बांधून, सुट्टे मोजून दुकानदार संध्याकाळी आपल्याच उंबऱ्याएवढी नोटांची रांग लावतो. हे माप लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

आता हीच रांग मुंबईहून पुण्यापर्यंत नेऊ. अंतर धरा १५० किलोमीटर. किती नोटा लागतील? दहा लाख. किती रुपये? पन्नास कोटी. झाली फूटपट्टी तयार. एक 'मुंबई-पुणे' म्हणजे पन्नास कोटी रुपये. दादरला पहिली नोट ठेवायची, मग वाशीची खाडी, पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळ्याची चिक्की बाजूला सारून पुढे, आणि शेवटची नोट स्वारगेटला.

चला, मोजायला लागू.

डीमार्ट. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान उघडलं. २०२५ च्या मार्चअखेर दुकानं ४१५. २०२४-२५ या वर्षातली विक्री सुमारे ५७,८०० कोटी रुपये. भागिले ३६५ केलं की दिवसाला १५८ कोटी. म्हणजे रोज तीन मुंबई-पुणे! रोज सकाळी दादरहून नोटांची रांग निघते, स्वारगेटला पोचते, परत दादरला येते, पुन्हा स्वारगेट गाठते, आणि तरी आठ कोटी हातात उरतात.

रिलायन्स रिटेल. त्याच वर्षी सुमारे ३ लाख ३० हजार कोटी. दुकानं १९ हजारांवर. दिवसाला ९०० कोटींच्या पुढे. रोज अठरा मुंबई-पुणे! म्हणजे नऊ वेळा जाऊन नऊ वेळा परत.

आणि आता खुर्ची धरून बसा. वॉलमार्ट. २ जुलै १९६२ रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, रॉजर्स नावाच्या लहानशा गावात सॅम वॉल्टनने पहिलं वॉलमार्ट उघडलं. त्यालाही पहिल्या दिवशी कुणीतरी भवानी केलीच असेल. आज १९ देशांत १० हजारांहून जास्त दुकानं. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षातली उलाढाल ६८,१०० कोटी. रुपये नव्हेत हो, डॉलर! डॉलर ८५ रुपयांना धरला तर जवळजवळ ५८ लाख कोटी रुपये. आपल्या महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. म्हणजे वॉलमार्टच्या एका वर्षात आठ महाराष्ट्र मावतात. अख्ख्या भारत सरकारचा त्याच वर्षाचा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. रेल्वे, सैन्य, रस्ते, अनुदानं, पगार, पेन्शन सगळं धरून. वॉलमार्ट त्याच्याही पुढे! आणि आपल्या फूटपट्टीत? दिवसाला १५,८०० कोटींच्या वर. रोज ३१७ मुंबई-पुणे. वर्षभराची रांग लावली तर पावणेदोन कोटी किलोमीटर. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे चंद्रावर जाऊन परत, जाऊन परत, असं बावीस वेळा. पाचशेच्या नोटांवर पाय ठेवत.

सेकंदात बघायचंय? चिमुरडीचा पुडा बरणीमागून काढून काचेवर ठेवायला दुकानदाराला पाच सेकंद लागले. पाच रुपये आले. चोवीस तासांची सरासरी धरली तर तेवढ्या पाच सेकंदांत डीमार्टने ९० हजारांचा माल विकला. रिलायन्सने पाच लाखांच्या वर. वॉलमार्टने ९० लाखांच्या वर. कोल्हारच्या आपल्या दुकानाला ९० लाखांची विक्री करायला किती दिवस लागतील? दहा हजाराने ९००. अडीच वर्षं! इकडे अडीच वर्षं, तिकडे पाच सेकंद. चिमुरडीने अजून पुडा फोडलासुद्धा नाहीये.

आणि हेच वॉलमार्ट २०१८ मध्ये आपल्या दारात आलं. फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलरला घेतला. त्या वेळच्या भावाने लाख कोटी रुपयांच्या वर. एका सौद्यात दोन हजार मुंबई-पुणे!

आता बोला. कुस्ती सुटली ना?

नाही सुटली. आतापर्यंत आपण एकाच पैलवानाचं वजन केलं. दुसऱ्याला अजून काट्यावर उभंच केलेलं नाही. कोल्हारचं दुकान एकटं दिसतं म्हणून लहान वाटतं. पण ते एकटं कुठंय?

देशात किराणा दुकानं किती? नेहमी सांगितला जाणारा अंदाज सव्वा कोटीच्या आसपास. सव्वा कोटी! नुसतं 'सव्वा कोटी' म्हणायला दोन सेकंद लागतात, म्हणून तो आकडा निसटून जातो. त्याला जरा अडवू. समजा तुम्ही ठरवलं की देशातल्या प्रत्येक किराणा दुकानाला भेट द्यायची. फार नाही, प्रत्येक ठिकाणी फक्त एक मिनिट. नमस्कार करायचा आणि पुढचं दुकान. झोप नाही, जेवण नाही, प्रवासाला शून्य वेळ. किती काळ लागेल? जवळजवळ चोवीस वर्षं! जन्मलेलं बाळ निघालं तर संपेपर्यंत त्याच्या लग्नाच्या पत्रिका छापायला गेलेल्या असतील. आणि प्रत्येक ठिकाणी "बसा की, चहा घ्या" म्हणून पाच मिनिटं मोडली तर? ११९ वर्षं. म्हणजे सव्वा कोटी चहा पिऊन तुम्ही नातवाच्याही नातवाला भेटाल.

प्रत्येक दुकानात माणसं किती? शेठ गल्ल्यावर, बायको किंवा पोरगा मदतीला. दोन धरा. झाले अडीच कोटी लोक. वॉलमार्टची नोकरदार मंडळी २१ लाख, आणि तीही जगभरातली. आपल्या अवघ्या भारतीय रेल्वेत १२ लाखांच्या आसपास. अडीच कोटी म्हणजे मुंबईच्या सगळ्या लोकलमध्ये दिवसभरात जितके प्रवासी चढतात त्याच्या तिपटीहून जास्त! ऐन गर्दीच्या वेळी एका बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं कोंबली जातात. या सगळ्या किराणावाल्यांना लोकलमध्ये भरायचं म्हटलं तर पाच हजार लोकल लागतील. एक लोकल पाव किलोमीटर लांब धरली आणि डबे एकमेकांना जोडले, तर शेवटचा डबा मुंबई सेंट्रलला आणि पहिला थेट मथुरेला. दुकानदार मंडळी मुंबईत चढतील आणि नुसतं डब्याडब्यांतून चालत कृष्णाच्या गावी उतरतील.

जागेचा हिशोब करू. डीमार्टची सगळी दुकानं मिळून विक्रीची जागा १ कोटी ७२ लाख चौरस फूट. भपकेदार वाटतं. पण एकरात बदला. चारशे एकरही भरत नाही! आपल्या लोणी-कोल्हार पट्ट्यात चारशे एकर ऊस म्हणजे एका गावच्या शिवाराचा कोपरा. देशातले सगळे डीमार्ट त्या कोपऱ्यात मावले. रिलायन्स रिटेलची जागा ७ कोटी ७४ लाख चौरस फूट, म्हणजे अठराशे एकरांच्या आत. आता किराणा. एक दुकान नुसतं दोनशे चौरस फुटांचं धरू. दहा फूट रुंद, वीस फूट खोल. मागच्या गोडाऊनला, माळ्याला, दारातल्या झाडूंच्या गठ्ठ्याला आणि टांगलेल्या वेफर्सच्या माळांना हिशोबातून माफी. सव्वा कोटी गुणिले दोनशे, अडीचशे कोटी चौरस फूट. सत्तावन्न हजार एकर! बृहन्मुंबईचा एकतृतीयांशाहून जास्त भाग निव्वळ किराणा दुकान झाला. चर्चगेटला उतरायचं, आणि कितीही चाललं तरी डाळ, तांदूळ, साबण, अगरबत्ती, डाळ, तांदूळ, साबण, अगरबत्ती.

आणि गिऱ्हाईक? डीमार्टने २०२४-२५ या अख्ख्या वर्षात ३५ कोटींच्या वर बिलं फाडली. अबब, ३५ कोटी. आता आपल्या एका दुकानात दिवसाला शंभर गिऱ्हाइकं धरा. कुणी पाच रुपयांचं, कुणी पाचशेचं, सरासरी शंभर रुपयांचं. शंभर गुणिले सव्वा कोटी, म्हणजे दिवसाला सव्वाशे कोटी वेळा "काय पाहिजे?" सकाळी सातला शटर उघडलं, रात्री नऊला बंद झालं. डीमार्टच्या वर्षभराच्या बिलांइतकी गिऱ्हाइकं या मंडळींनी कधी उरकली? सकाळी अकराला! बारा महिने विरुद्ध चार तास. दुपारचं जेवण अजून व्हायचंय.

आता त्या पायरीवरच्या पुड्याकडे परत या. पारले-जी. रोज ४० कोटी बिस्किटं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. एक बिस्कीट पाच सेंटिमीटर धरलं तर रोजची रांग वीस हजार किलोमीटर. अर्धी पृथ्वी, रोज! आपल्या मापात १३३ मुंबई-पुणे, आणि सबंध रस्ता चहात बुडवून खाण्यासारखा. ही बिस्किटं मॉलच्या ट्रॉलीतून किती जातात आणि पायरीवरच्या टाचा उंचावून किती जातात, हे कुठल्याही गावात सकाळी सातला उभं राहून बघावं.

गोडेतेल घ्या. देशाला वर्षाला अडीच कोटी टन खाद्यतेल लागतं. लिटरमध्ये सुमारे २,७५० कोटी. आता हा आकडा नगर जिल्ह्याला समजेल अशा भाषेत सांगतो. (कागदावर अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच आहे.) आपल्याकडे पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे भारत वर्षाला जवळजवळ एक टीएमसी तेल खातो! प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ सालचं, ११ टीएमसीचं. ते गोडेतेलाने भरायला देशाची सव्वाअकरा वर्षांची भजी, पुऱ्या आणि फोडण्या लागतील. मग आवर्तन सोडा. कोल्हारच्या पुलाखालून तेल वाहतंय!

विहिरीत मोजायचंय? तीस फूट रुंद, पन्नास फूट खोल अशी बांधीव विहीर काठोकाठ भरली की दहा लाख लिटर. देश रोज अशा ७५ विहिरी तेल संपवतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त विहिरी समुद्रापलीकडून जहाजाने येतात. आणि त्या विहिरीच्या तळाशी पोहरा टाकून शेवटी कुणीतरी म्हणतं, "काका, पावशेर तेल द्या, बाटली आणलीय."

साखर तर आपल्या घरचीच. देशाचा खप वर्षाला २ कोटी ८० लाख टनांच्या घरात. एका मालगाडीत, ४२ डबे धरून, २,६०० टन माल जातो. म्हणजे रोज तीस मालगाड्या साखर! श्रीरामपूरला बेलापूर स्टेशनच्या फलाटावर खुर्ची टाकून बसा आणि सगळी गोडी तिथूनच जाते असं समजा. दर ४८ मिनिटांनी एक गाडी, दिवसरात्र, दिवाळीलाही सुट्टी नाही. आणि त्या मालगाडीचं शेवटचं स्टेशन कुठलं? तराजूचं पारडं. "अर्धा किलो साखर, आणि जरा वर घाला."

चहा. देश वर्षाला सुमारे ११५ कोटी किलो चहापत्ती उकळतो. कपाला दोन ग्रॅम धरले तर रोज १५० कोटींहून जास्त कप. अंगावरच्या बाळासकट प्रत्येकी एक! कटिंग ८० मिलिलिटरचं धरलं तरी रोज १२५ विहिरी चहा. आलं वेगळं.

बरं, हे सगळे नगद देतात असं थोडंच आहे? काउंटरवर एक लाल कापडी पाठीची वही असते. कोपरे दुमडलेले, दोरीला पेन बांधलेलं. "मम्मीनं सांगितलंय, लिहून ठेवा." झालं. ना अर्ज, ना जामीनदार, ना आधार कार्डाची झेरॉक्स. उसाचं पेमेंट आलं की, दुधाचा पगार झाला की, पानावर उभी रेघ. एका दुकानाची अशी बाजारात पसरलेली उधारी वीस हजार धरा. सव्वा कोटी दुकानांची झाली पंचवीस हजार कोटी रुपये! पाचशे मुंबई-पुणे. बिनव्याजी, बिनकागदी, नुसत्या ओळखीवर. एवढं कर्ज वाटणाऱ्या बँकेचं टोलेजंग मुख्यालय असतं, गव्हर्नरशी बैठका असतात. या बँकेचं मुख्यालय म्हणजे दोरीचं पेन. मोठ्या साखळी दुकानात जाऊन एकदा "लिहून ठेवा" म्हणून बघा. सिक्युरिटीवाला दार उघडून देईल, बाहेरच्या बाजूने.

आणि ज्यांना वाटलं की वहीवाला काका संगणकाच्या काळात मागे पडणार, त्यांनी काचेवर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन बघावा. शेजारी डब्बी बोलते, "दहा रुपये प्राप्त झाले." ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. सेकंदाला जवळपास साडेसात हजार! सेकंदाला एक याप्रमाणे एखादा माणूस ते मोजायला बसला तर? त्याला ६३४ वर्षं लागतील. याच प्रवरेच्या काठी, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यानंतर शंभर वर्षांनी तो माणूस मोजायला बसला असता, तर बहमनी गेले, निजामशाही आली नि गेली, शिवराय झाले, पेशवाई झाली, इंग्रज येऊन गेले, आणि २०२५ मध्ये त्याने मान वर करून सांगितलं असतं, "झाला बरं का, एका महिन्याचा हिशोब." तोवर पुढचा महिना संपलेला!

आता एक आकडा असाही, ज्याने तोंडाची चव जाते. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ऑनलाइन दुकानांची लाट शहरांत आली आणि एका वर्षात सुमारे दोन लाख किराणा दुकानं बंद पडली, असा अंदाज वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये मांडला. दोन लाख. दर दोन-तीन मिनिटांना एक शटर खाली. ती बंद शटरं शेजारीशेजारी लावली तर सहाशे किलोमीटर. मुंबई ते पुणे, परत मुंबई, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई, गाडीच्या खिडकीतून फक्त कुलपं. एवढा वेळ कौतुकाने मोजलेली फूटपट्टी इथे हातात जड होते.

मग मोठा का जिंकतो? तो स्वस्त देतो. स्वस्त का देऊ शकतो? कारण तो एका तोंडाने बोलतो. कंपनीला फोन गेला की ४१५ दुकानांसाठी एकच सौदा. इकडे कोल्हारचा शेठ लाईनवर आलेल्या सेल्समनला म्हणतो, "दोन पेट्या टाक, आणि स्कीम काय आहे बघ." सव्वा कोटी माणसं, सव्वा कोटी सौदे, प्रत्येक जण एकटा. आता गंमत बघा. प्रत्येक दुकान दिवसाला फक्त पाच किलो तेल विकतं असं धरा आणि सगळ्यांनी मिळून एका तोंडाने किलोमागे फक्त एक रुपया कमी करून घेतला. एकच रुपया! दिवसाला सव्वासहा कोटी. वर्षाला सव्वादोन हजार कोटींच्या वर. पंचेचाळीस मुंबई-पुणे, निव्वळ एका रुपयातून, निव्वळ तेलातून. साबण, चहा, बिस्किटं अजून बाकीच आहेत.

'सगळ्यांनी मिळून' हे स्वप्न वाटत असेल तर कोल्हारहून लोणीकडे तोंड करा. चिमणी दिसेल. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि त्यांच्यासोबत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी इथल्या लहान लहान शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा. ३१ डिसेंबर १९५० ला गाळप सुरू झालं. एकेकट्याची ऐपत गुऱ्हाळापुरती, मिळून कारखाना. तिथून निघालेली वाट बघा कुठे पोचली. २०२१-२२ च्या हंगामात एकट्या महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर काढली. पाच हजारांहून जास्त मालगाड्या! मुंबईत अपना बाजार १९४८ पासून आहे, वारणानगरला वारणा बाजार आहे. दुकानदारी मिळून करता येते, हे या मातीला शिकवायला अमेरिकेहून कुणी यायला नको.

आता शेवटचं वजन. दोन्ही पैलवान काट्यावर.

इकडे वॉलमार्ट. रोज ३१७ मुंबई-पुणे. तिकडे आपली सव्वा कोटी किराणा दुकानं, रोजी दहा हजाराने १२,५०० कोटी. रोज २५० मुंबई-पुणे. जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या एवढं जवळ, पाच-पाच रुपयांवर! पण थांबा, किराणाच का म्हणून? शेजारचं कापड दुकान, भांड्यांचं दुकान, हार्डवेअर, मेडिकल, मोबाईलवाला, चपलांवाला, आठवडे बाजारात ताडपत्री टाकून बसलेली भाजीवाली मावशी, सगळ्यांना बोलवा. देशाची किरकोळ बाजारपेठ २०२४ मध्ये ८२ लाख कोटी रुपयांची असल्याचा अंदाज आहे. त्यातला पाचवा हिस्सा साखळी दुकानांना आणि ऑनलाइनवाल्यांना मोठ्या मनाने देऊन टाका. तरी लहानांकडे उरतात ६५ लाख कोटी! दिवसाला ३५६ मुंबई-पुणे. वॉलमार्ट ३१७. भारत सरकारचा अर्थसंकल्प मागे, वॉलमार्ट मागे, आणि पुढे कोण? दोरीचं पेन!

आणि ते माप आठवतंय? दहा फुटी शटर. सव्वा कोटी किराणा शटरं एकाला एक लावून उभी करा. सदतीस हजार, साडेसदतीस हजार, अडतीस हजार किलोमीटर... पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५. किराणा दुकानांनी पृथ्वीला वेढा घातला! दोनेक हजार किलोमीटरची फट उरते, ती चहाच्या टपऱ्या आणि पानपट्ट्या चहा उकळायच्या आत बुजवून टाकतील. प्रत्येक शटरपुढे त्या दिवसाच्या गल्ल्याची नोटांची रांग, जवळजवळ तेवढ्याच लांबीची. म्हणजे रोज संध्याकाळी पाचशेच्या नोटांचा कंबरपट्टा पृथ्वीच्या कमरेला, आणि रोज सकाळी तो सोडून पुन्हा पहिल्या नाण्यापासून सुरुवात.

कारण सकाळ झाली की आधी हवी भवानी. मूठ उघडा. पाचाचं नाणं, व्यास २३ मिलिमीटर, वजन सहा ग्रॅम. सव्वा कोटी शटरं वर गेली, सव्वा कोटी नाणी काचेवर वाजली. सव्वासहा कोटी रुपये, चहाच्या पहिल्या घोटाआधी. वजन ७५ टन, म्हणजे दहा टनी ट्रक सात भरून आठवा अर्धा. आणि ही नाणी एकापुढे एक मांडली तर? दादरहून निघाली, पनवेल, बोरघाट, स्वारगेट, आणि तिथून मागे फिरून पुन्हा मुंबईकडे. २८७ किलोमीटर! दादर आलंच की, फक्त बारा-तेरा किलोमीटर राहिले.

तेवढ्यापुरती नाणी? ती येतायत. कोल्हारात सात वाजून पाच मिनिटं झालीत, आणि पायरीवर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.